डुगडुगती खुर्ची

सोमवार, दुपार

प्रिय धाकट्या,

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, तुम्ही सगळे तिकडे ठीक असाल अशी आशा आहे. एवढं लिहून बराच वेळ पेन हातात धरून बसलो. तुला पत्र लिहायची सवयच मोडली आहे. पाकिटावर घालायला तुझा पत्ता तुझ्या वहिनीला विचारला, तर तिनं कुठेही न बघता धडाधड सांगितला. म्हणजे ही बाई तुम्हाला लिहीत असते आणि मला कळूही देत नाही. असो.

माझी तब्येत उत्तम आहे. उजवा गुडघा सोडला तर बाकीचा माणूस अजून गोदीत उभा करण्यासारखा आहे. नोकरी संपली तरी हात ऐकत नाहीत. बोलता बोलता आपोआप वर उठतात आणि तुझी वहिनी म्हणते, "इथे क्रेन नाहीये, हात खाली घ्या." दाराजवळच्या खुंटीवर माझे हातमोजे आहेत. ते कोणी हलवायचे नाहीत असं मी घरात सांगून ठेवलं आहे.

पत्र लिहायचं कारण आपली चिमणी.

तू तिला पाहिलंस तेव्हा ती दप्तराखाली वाकलेली असायची. आता ती गोदीतली सगळ्यात उंच क्रेन चालवते. शिडी चढून वर केबिनमध्ये बसली की खालून खरंच चिमणीएवढी दिसते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष आम्ही एकत्र काम केलं, ती वर आणि मी खाली. मी हातानं इशारा करायचा आणि माझ्या लेकीनं घराएवढी खोकी बोटीतून उचलून अल्लाद ट्रकवर ठेवायची. खलाशी काम सोडून बघत राहायचे. मी बढाई मारतोय असं तुला वाटेल. मारतोयच.

तर काल रविवारी तिनं काय केलं ते ऐक.

आपले सेवकदादा गेले हे वहिनीनं कळवलं असेलच. तुझ्या चर्चच्या मंडळीत पाळक तुझ्यासारखा शिकून येतो, त्याला पगार असतो, राहायला घर असतं. तुझ्या मुलांनी आमची पद्धत पाहिलेली नाही, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्यापासून लिहितो. तू हवं तर मधलं सोडून वाच. आमच्याकडे सेवक असतो. तो आपला कामधंदा सांभाळून रविवारी वचन सांगतो, आजाऱ्यांकडे जातो, कोणी गेलं की कबरीपाशी पुढे उभा राहतो, आणि एकदा झाला की मरेपर्यंत असतो. त्याला मतं देऊन निवडत नाहीत. मंडळीतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणजे आमची खडूमावशी. प्रत्येकानं तिच्या कानात एक नाव सांगायचं. जी नावं पुन्हा पुन्हा येतील तेवढ्या खुर्च्या मांडायच्या. मग मावशी एकटी खोलीत जाते, कुठल्याही एका खुर्चीच्या बैठकीखाली खडूनं क्रूस काढते आणि बाहेर येते. दुसरे लोक आत जाऊन खुर्च्यांच्या जागा बदलतात. आता खूण कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, मावशीलाही नाही. नावं आलेली माणसं आत येतात, आपल्याला हव्या त्या खुर्चीवर बसतात, प्रार्थना होते, मग उठून खुर्च्या उलट्या करायच्या. जिच्याखाली खूण, तिच्यावर बसलेला माणूस सेवक.

आपण लहानपणी आईच्या स्वयंपाकघरातली स्टुलं घेऊन हाच खेळ खेळायचो, आठवतं? तू म्हणायचास, खूण आधीच काढलेली आहे, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं आहे. मी म्हणायचो, पण बसतो तर मी माझ्या पायांनी. आपलं भांडण तेव्हापासूनचं आहे. पुढे तू पुस्तकं वाचलीस आणि मी आवाज वाढवला, एवढाच फरक.

काल पाच नावं आली. शाळामास्तर, सुतार, दवाखान्यातली नर्सबाई, आपली चिमणी, आणि पाचवा एक म्हातारा, त्याचं विशेष काही नाही.

सगळे बसायला निघाले तेवढ्यात चिमणी जागच्या जागी थांबली. म्हणाली, "बसायच्या आधी आम्हाला विचारा."

सुतार म्हणाला, "काय विचारायचं?"

"खूण माझ्या खुर्चीखाली निघाली तर मला चालेल का, ते."

झालं. प्रार्थनाघरात जी कुजबुज सुरू झाली! आमच्याकडे आजवर कोणी कोणाला असं विचारलेलं नाही. सेवकदादांना तरुणपणी खूण निघाली तेव्हा ते हमसून हमसून रडले होते, तरी त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. सुतार तसा सज्जन माणूस, पण तो तापला. "देव बोलावणार आणि आपण म्हणणार, थांबा, आधी माझी सोय बघा? त्याच्या निवडीवर आपण शंका घ्यायची?"

चिमणी अजिबात चिडली नाही. मी असतो तर चिडलो असतो. ती म्हणाली, "सुतारकाका, मी वर असते तेव्हा मला खालचं नीट दिसत नाही. खाली इशारा करणाऱ्याला दिसतं. तो सांगेल तसंच मी करते. पण त्याचा इशारा आला की आधी मी एक छोटा हॉर्न देते, मग हूक हलवते. हॉर्न दिला म्हणजे मी त्याच्यावर शंका घेतली का? मी जागी आहे, मी ऐकलं, एवढंच त्याला कळवते. हॉर्न आला नाही तर तो पुढचा इशारा करतच नाही. मला हे अप्पांनी शिकवलंय."

मला हे अप्पांनी शिकवलंय! भर मंडळीत! धाकट्या, त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी तिथे एकटाच उभा आहे आणि बाकीचे सगळे माझ्याकडे बघतायत.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून तुझ्या आधी मीच लिहून टाकतो. तू म्हणशील, "दादा, देवापुढे माणूस क्रेनवाला नसतो. माणूस म्हणजे ते खोकं. खोकं कधी हॉर्न देतं का?" बरोबर? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण ते खोकं माझ्या लेकीइतकं छान बोलत नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

शेवटी सुतारानंच तोड काढली. विचारायचं सगळ्यांना, पण उत्तर काहीही आलं तरी बसायचंही सगळ्यांनी. म्हणजे अर्धं तुझं आणि अर्धं माझं. खडूमावशीनं एकेकाला विचारलं. मास्तर म्हणाले, "हो, पण परीक्षांचे दिवस सोडून." नर्सबाई म्हणाली, "हो, पाळ्या बदलून मिळाल्या तर." सुतार म्हणाला, "मला विचारायची गरज नाही." चिमणी म्हणाली, "हो." नुसतं हो. पुढे काही नाही, मागे काही नाही. म्हातारा काहीतरी पुटपुटला.

मग बसले, प्रार्थना झाली, खुर्च्या उलट्या केल्या, खूण दिसली, लोक घरी गेले. नवीन सेवकाला नेमताना त्याच्या डोक्यावर हात ठेवायला दुसरा सेवक किंवा पाळक लागतो आणि आमच्याकडे आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे बाहेरून कोणाला तरी बोलवावं लागेल. त्याबद्दल नंतर लिहितो. वहिनी चहा घे म्हणून हाका मारते आहे.

बुधवार, संध्याकाळ

पत्र टेबलावर तसंच राहिलं होतं. काल सकाळी मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तुझ्या वहिनीनं ते वाचून काढलं. बाहेर येतो तर कागद हातात घेऊन दारात उभी.

"एवढं सगळं लिहिलंत. खूण कोणाच्या खुर्चीखाली निघाली ते कुठेय?"

म्हटलं, "लिहिणार होतो."

"आणि हा पाचवा म्हातारा कोण? पुटपुटला म्हणे! सगळ्या प्रार्थनाघराला ऐकू गेलं, मागच्या बाकावर ते बाळ झोपलं होतं तेसुद्धा उठलं!"

तर ठीक आहे, लिहितो. पाचवा म्हातारा मी. आणि मी पुटपुटलो नाही. मावशीनं विचारलं, "खूण निघाली तर स्वीकारशील?" आणि मी छाती पुढे काढून, खणखणीत आवाजात म्हणालो, "नाही."

का म्हणालो ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तुझा हात आहे. मला जमणार नाही असं मला वाटलं नव्हतं. गुडघ्याचंही कारण नव्हतं. माझं नाव आलं हे ऐकून मी मनातून फुललो होतो, हे तुझ्यापासून काय लपवायचं. पण मावशीनं विचारलं आणि मला समोर तू दिसलास. तू नेहमी बसायचास तसा, हाताची घडी घालून, अर्धवट हसत. "दादा, माणसाला नाही म्हणता येतं असं त्याला वाटतं फक्त." आणि मला वाटलं, थांब, दाखवतोच तुला. म्हणून नाही म्हणालो. तू तिथे नव्हतास, इतक्या वर्षांत इकडे फिरकला नाहीस, तरी तुझ्याशी वाद जिंकण्यासाठी मी देवाला नाही म्हणून मोकळा झालो. असला शहाणपणा आपल्याच घरात होऊ शकतो.

आणि खूण माझ्याच खुर्चीखाली निघाली.

पण खरी बोच ती नाही. ती पुढे आहे.

बाकीचे तिघं आपापल्या खुर्च्यांवर बसले आणि शेवटी दोन उरल्या, चिमणीसाठी एक आणि माझ्यासाठी एक. माझ्या गुडघ्यामुळे मी सगळ्यांच्या मागे होतो आणि ती माझ्याबरोबर सावकाश चालत होती. तिच्या बाजूची खुर्ची एका पायानं डुगडुगत होती, आम्हाला दोघांनाही दिसत होतं. चिमणी त्या खुर्चीकडे वळली. मी तिच्या दंडाला धरून तिला दुसरीकडे सरकवलं आणि स्वतः डुगडुगतीवर बसलो. यात मी काही ठरवलं नव्हतं. बापाचे हात असं करतातच.

म्हणजे बघ. जिनं हो म्हटलं, ती त्या खुर्चीवर बसणार होती. ज्यानं नाही म्हटलं, त्यानं तिला हातानं बाजूला केलं. खुर्ची उलटी केली तेव्हा तो पांढरा क्रूस सगळ्यांना दिसला. खडूमावशी इतकंच म्हणाली, "खूण आहे. आणि नाही पण आहे. दोन्ही आम्ही ऐकलं. पुढच्या रविवारपर्यंत विचार कर." मी तिथेच म्हणालो की ही जागा माझ्या मुलीची आहे, तिला द्या. सुतार म्हणाला, "दादा, खूण काय पाकीट आहे का, चुकीच्या घरी आलं म्हणून शेजारी नेऊन द्यायला?"

घरी येताना मी ती खुर्ची बरोबर घेऊन आलो. निदान तिचा पाय तरी नीट बसवावा म्हणून. दोन दिवस ती स्वयंपाकघरात उलटी पडून होती, क्रूस वर करून. तुझी वहिनी तिला वळसा घालून भाजी चिरायची.

आता मला आईबद्दल लिहायचं आहे. इथे तू सोडून वाचू नकोस.

शेवटच्या दिवसांत आईला काही कळत नव्हतं. माझं नाव, तुझं नाव, स्वतःचंही नाव. मी उशाशी बसून तिला रोज विचारायचो, "आई, प्रभूवर विश्वास आहे ना? हो म्हण. नुसती मान हलव." कारण माझ्या हिशोबानं माणसाचं उत्तर लागतंच, आणि आईचं उत्तर येत नव्हतं. तू दारातून आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "दादा, तिला त्रास देऊ नकोस. तिनं धरलेला हात सुटला असेल. तिला ज्यानं धरलंय त्याचा सुटत नाही." मी तुझा हात झटकला. तिची सेवा मी करायची आणि तू येऊन सिद्धांत सांगायचास, असं मला वाटलं. त्यानंतर आपण बोललो ते तिला माती देताना, आणि तेही कामापुरतं.

तो सिद्धांत नव्हता रे. मी ते वाक्य तेव्हापासून कोणाला सांगितलं नाही, पण ते विसरलोही नाही. आमच्या शेजारची म्हातारी आईसारखीच झाली आणि तिचा मुलगा माझ्यापाशी येऊन रडला, तेव्हा मी त्याला तुझंच वाक्य सांगितलं. माझं म्हणूनच खपवलं. तो शांत झाला. त्या दिवशी मला वाटलं की हे माझ्या धाकट्याचं आहे, मी ज्याला खांद्यावर बसवून गोदी दाखवली त्याचं. मला तुझा अभिमान वाटतो. तुझं सगळं पटत नाही, आणि पटणारही नाही. पण अभिमान वाटतो, आणि तो कळवायला मी फार उशीर केला.

काल पाळी संपवून चिमणी घरी आली. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून खुर्चीच्या पायाला गोंद लावत होतो. ती समोर मांडी घालून बसली आणि खुर्ची धरून ठेवली.

मी म्हटलं, "तुझी जागा घेतली मी."

"कुठली जागा?"

"ही. तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. मग? खूण निघाली नाही म्हणून माझं हो परत घ्यायचं का? मी त्याला हो म्हटलंय, अप्पा. खुर्चीला नाही."

मी गोंद लावत राहिलो. ती म्हणाली, "मला एक सांगा. त्या खुर्चीवर बसा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"कोणी ढकललं?"

"नाही. मीच बसलो. तू पडशील म्हणून."

"आणि मी लहान असल्यापासून कधी तुम्ही मला डुगडुगत्या खुर्चीवर बसू दिलंय?"

"कधीच नाही."

"मग तुम्हालाच बसवायचं असेल तर खूण कुठल्या खुर्चीखाली काढायची हे देवाला चांगलं ठाऊक होतं की! तुमच्या मनासारखं तुम्ही वागलात आणि त्याच्या मनासारखं झालं. आता यात काका जिंकले का तुम्ही, ते तुम्ही दोघं बघा. मला भूक लागली आहे."

मी हसलो. आतून तुझी वहिनीही हसली, म्हणजे ती ऐकतच होती. मग चिमणीनं खुर्ची सोडली, माझ्याकडे नीट वळली आणि खडूमावशीच्याच शब्दांत विचारलं, "खूण निघाली आहे. स्वीकाराल?"

धाकट्या, आयुष्यभर मी खाली उभा राहून इशारे केले. वरून हॉर्न यायचा आणि मी पुढचा हात उचलायचो. इतक्या वर्षांत उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी तोंड उघडलं आणि हो काही बाहेर पडेना. मग मी गाल फुगवले आणि सगळा जीव एकवटून तोंडानं आवाज काढला, "पों!"

माझी लेक हसता हसता रडायला लागली. वहिनी धावत बाहेर आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. झालंच होतं.

रविवारी मंडळीत नीट शब्दांत सांगणार आहे. तिथे पों चालणार नाही, असं वहिनीनं बजावलं आहे. खुर्ची आता डुगडुगत नाही. खूण मी पुसलेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी माझ्या डोक्यावर कोणी तरी हात ठेवायचा आहे. जवळपास पाळक आहेत, त्यांतल्या कोणालाही बोलावता येईल, मंडळीची हरकत नाही. मी सगळ्यांना थांबायला सांगितलं आहे. मी तुझा हात एकदा खांद्यावरून झटकला होता. तो मला डोक्यावर हवा आहे.

तुझ्या मतानं तू येणार की नाही हे जग निर्माण व्हायच्या आधीच ठरलेलं आहे. असेल. तू खोक्याचं म्हणतोस तेही असेल. पण मी गोदीतला माणूस, मला विचारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून विचारतो. येशील?

तुझ्या हॉर्नकडे कान लावून खाली उभा असलेला,

तुझा दादा